एक्स-रे, एचआरसीटी की फुफ्फुसांची सोनोग्राफी: विषाणूजन्य न्यूमोनियात कोणती तपासणी कधी कामाची

२०२० पासून महाराष्ट्रात ताप-खोकला दोन दिवसांवर गेला की घरात कुणीतरी म्हणतेच, "एकदा एचआरसीटी करून टाकू." एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक छेदांतला सीटी स्कॅन. कोविडची लाट ओसरली, पण ही सवय राहिली. आता फ्लू असो की आरएसव्ही (मुख्यतः लहान मुलांना गाठणारा श्वसनाचा विषाणू), प्रश्न तोच असतो: स्कोअर, म्हणजे फुफ्फुसे किती बाधित याचे गुण, किती आला? म्हणून या तपासण्या सेवा म्हणून कशा आहेत, पैसे आणि किरणोत्सर्ग मोजून हातात काय पडते, हे एकदा नीट पाहू.

निकाल आधीच सांगतो. पहिली तपासणी म्हणून छातीचा साधा एक्स-रे बहुतेकांना पुरतो. आयसीयूतल्या रोजच्या पाहणीला फुफ्फुसांची सोनोग्राफी सर्वांत सोयीची, पण करणारा हात तयार हवा. एचआरसीटी सर्वांत बारीक दाखवते, आणि सर्वांत जास्त वेळा विनाकारण केली जाते. एमआरआय आज तरी संशोधनापुरताच आहे.

विषाणू कोणता, हे मात्र यातली एकही तपासणी सांगत नाही. ते काम नाका-घशातल्या स्वॅबचे. वुहानमधल्या १०१४ रुग्णांच्या २०२० च्या अभ्यासात सीटीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जण पकडले) ९७ टक्के निघाली आणि हा आकडा जगभर गाजला. त्याच अभ्यासातली विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जण बरोबर सोडले) २५ टक्के होती, ती फारशी कुणी सांगितली नाही. म्हणजे पीसीआर (स्वॅबची चाचणी) निगेटिव्ह असलेल्या दर चारांपैकी तिघांच्या सीटीतही 'कोविडसारखे' काहीतरी दिसत होते. त्यातल्या काहींचा पीसीआरच चुकला असेल हे धरले, तरी नुसत्या सीटीवर निदान ठोकून देणे किती कच्चे आहे, ते कळते. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात बरेच अभ्यास एकत्र केले, तेव्हा चित्र जमिनीवर आले. सीटीची संवेदनशीलता साधारण ८७ टक्के व विशिष्टता ७८ टक्के, एक्स-रेची दोन्ही ७३ च्या आसपास, सोनोग्राफीची ८९ आणि ७२. सोनोग्राफीचा आकडा सीटीच्या बरोबरीने पाहून हुरळून जाऊ नये. त्यातले बरेच रुग्ण रुग्णालयात पोचलेले होते, आणि आजार वाढलेला असेल तर कुठलीही तपासणी हुशार ठरते.

काही ठेवणी ओळखीच्या असतात. कोविडमध्ये दोन्ही बाजूंना, कडेकडेने आणि खालच्या-मागच्या भागात धुरकट पट्टे दिसतात, ज्यांना रिपोर्टमध्ये ग्राउंड ग्लास म्हणतात. एच१एन१ (स्वाइन फ्लू) मध्ये तेच पट्टे श्वासनलिकांच्या भोवतीही दिसतात. अडेनोव्हायरस कधी एक अख्खा लोब (फुफ्फुसाचा एक खंड) घट्ट पांढरा करतो आणि जिवाणूंचा न्यूमोनिया वाटतो. कांजिण्यांच्या न्यूमोनियात दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी विखुरतात आणि बऱ्या झाल्यावर वर्षानुवर्षे चुन्याचे ठिपके होऊन राहतात. आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही: वरच्या भागातली पोकळी किंवा झाडाच्या फांदीला कळ्या आल्यासारखी ठेवण दिसली, तर विषाणूआधी थुंकीची तपासणी करावी.

कितव्या दिवशी काढले?

मशीन कोणते, याच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा. कोविडच्या १२१ रुग्णांच्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत सीटी काढलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे सीटी पूर्ण साफ होते. फुफ्फुसांतले बदल साधारण नवव्या ते तेराव्या दिवशी शिगेला पोचतात आणि चौदाव्या दिवसानंतर विरायला लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा 'नॉर्मल' रिपोर्ट हा दिलासा नाही. तसेच पाचव्या दिवशी सीटीचा स्कोअर २५ पैकी ६ आणि दहाव्या दिवशी ११ आला, तर तेवढ्यावरून उपचार फसले असे होत नाही. आजार त्याच्या ठरलेल्या चढणीवर असू शकतो. रेफरल चिठ्ठीवर लक्षणांचा पहिला दिवस आणि ऑक्सिजनची पातळी लिहिलेली नसेल, तर रिपोर्ट लिहिणारा अंधारात असतो. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'रूल आउट न्यूमोनिया' (न्यूमोनिया नाही ना ते पाहा) एवढेच असते.

छातीचा एक्स-रे

काही शे रुपयांत, पाच मिनिटांत होतो आणि तालुक्याच्या गावीही मिळतो. किरणांची मात्रा सुमारे ०.०२ मिलीसीव्हर्ट (मात्रा मोजायचे एकक). निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट मिळतच असतात, तेव्हा या मात्रेची धास्ती नको. उणीव अशी की सुरुवातीचे पातळ धुरकट पट्टे त्यात दिसत नाहीत. हाँगकाँगमधल्या एका मालिकेत पहिल्या एक्स-रेत ६९ टक्के रुग्णांतच बदल सापडले होते.

पण एक्स-रेला नावे ठेवण्याआधी तो कसा काढला ते पाहावे. उभे राहून, छाती डिटेक्टरला टेकवून, नळी १८० सेंटिमीटर अंतरावर ठेवून काढलेली पीए (किरण पाठीकडून पुढे) फिल्म आणि खाटेवर पडल्यापडल्या पोर्टेबलवर काढलेली एपी (किरण पुढून पाठीकडे) फिल्म यांची तुलना होत नाही. एपीत हृदय मोठे दिसते, श्वासाचा पडदा (डायफ्रॅम) वर सरकतो, खालचे भाग दाटून पांढरे दिसतात. काल पीए आणि आज एपी असेल, तर 'वाढले' हा शेरा बऱ्याचदा पोझिशनचा असतो. दर्जा घरीही तपासता येतो. पडद्याच्या वर मागच्या बरगड्या नऊ-दहा मोजता आल्या पाहिजेत. कमी भरल्या, तर श्वास पुरता घेतलेला नाही आणि खालचे पांढरेपण खोटे असू शकते. दोन्ही हासळ्यांच्या आतल्या टोकांपासून मणक्याचा काटा सारख्या अंतरावर हवा. नसेल तर शरीर वळलेले आहे, आणि एक फुफ्फुस दुसऱ्यापेक्षा गडद दिसणारच. स्त्रियांत स्तनांची सावली खालच्या भागांवर पडते आणि दोन्हीकडे 'पॅचेस' असल्याचा भास होतो. सावली फुफ्फुसाच्या कडेबाहेरही चालू राहिली, तर ती फुफ्फुसातली नव्हे.

फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना पाठवणे हा सध्याचा सर्वांत मोठा घोळ. पातळ पट्टे त्यात नाहीसे होतात, आणि फिल्म उलटी धरली तर डावे-उजवेही बदलते. केंद्राकडून मूळ डिजिटल फाइल मागावी.

पाहणीसाठी एक्स-रेला गुण देण्याची चांगली पद्धत इटलीतल्या ब्रेशियाच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये बसवली, तिला ब्रिक्सिया स्कोअर म्हणतात. फुफ्फुसांचे सहा भाग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण १८. वॉर्डात रोज नव्हे, पण तब्येतीत फरक पडेल तेव्हा त्याच पद्धतीने काढलेल्या फिल्मना असे गुण दिले, तर सीटीच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

एचआरसीटी

हिच्यावर जरा जास्त बोलायला हवे, कारण खर्च, मात्रा आणि गैरसमज तिन्ही इथेच जास्त आहेत.

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने दर बांधून दिले होते: १६ स्लाइसपेक्षा (एका फेरीत टिपलेले छेद) कमी मशीनला २००० रुपये, १६ ते ६४ ला २५००, त्यापुढे ३०००. फिल्म, रिपोर्ट, पीपीई किट सगळे त्यात धरून. स्लाइसची संख्या वाढली की चित्र आपोआप 'जास्त स्पष्ट' होते, असा ग्राहकांचा समज असतो. विषाणूजन्य न्यूमोनियात खरा फायदा वेगाचा. जुन्या मशीनवर दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावा लागतो, १२८ स्लाइसवर चार-पाच सेकंद पुरतात. दम लागलेल्या माणसाला दहा सेकंद म्हणजे परीक्षाच, आणि मध्ये श्वास सुटला की कडा दुहेरी होतात, पडद्याजवळचा भाग धूसर होतो. शांत श्वास असलेल्या रुग्णाला १६ स्लाइसचे मशीन पुरेसे आहे. स्लाइसची जाडी १ ते १.५ मिलिमीटर असली म्हणजे झाले.

श्वास पूर्ण आत घेऊन काढणे ही सीटीची पहिली अट आणि सर्वाधिक वेळा तिथेच गडबड होते. अर्धवट किंवा सोडलेल्या श्वासावर काढले, तर निरोगी फुफ्फुसही धुरकट दिसते. ओळखायची खूण श्वासनलिकेत असते. श्वास आत असेल तर ती गोल दिसते, श्वास सोडलेला असेल तर तिची मागची भिंत आत वळलेली किंवा सपाट दिसते. अशा स्कॅनवर 'डिफ्यूज ग्राउंड ग्लास' लिहिलेले असेल, तर आधी फेरविचार हवा. दुसरा फसवा भाग म्हणजे पाठीकडचा. उताणे झोपल्याने तिथली फुफ्फुसे थोडी दबतात आणि कडेने पांढरी पट्टी उमटते. शंका असेल तर पालथे झोपवून तेवढ्याच भागाचे मोजके स्लाइस घ्यावेत. पट्टी गेली तर दाब होता, राहिली तर आजार. हे दोन मिनिटांचे काम आहे, तरी गर्दीच्या केंद्रात क्वचितच होते.

आता स्कोअर. पाच लोब, प्रत्येकाला ० ते ५. पाच टक्क्यांपेक्षा कमी भाग बाधित तर १, पाच ते पंचवीस टक्के तर २, पन्नासच्या आत ३, पंचाहत्तरपर्यंत ४, त्यावर ५. बेरीज २५ पैकी. हे गुण डोळ्यांच्या अंदाजाने दिलेले असतात, त्यामुळे दोन रेडिओलॉजिस्टमध्ये दोन-तीन गुणांचा फरक पडणे नवल नाही. त्याहून मोठी अडचण बेरजेत आहे. पाचही लोबना २-२ मिळाले तरी १०, आणि दोन लोबना ५-५ व बाकी साफ असले तरी १०. पहिल्या माणसाच्या कुठल्याही लोबचा पाव भागही गेलेला नसेल. दुसऱ्याचे दोन लोब जवळजवळ संपलेले असतील. शिवाय पातळ धुरकटपणा आणि घट्ट कन्सॉलिडेशन (हवेच्या जागी स्राव भरून घट्ट झालेला भाग) यांना या पद्धतीत गुण सारखेच. तेव्हा आकडा वाचून झाला की खालचा मजकूर वाचावा.

'कोरॅड्स ५' आणि 'स्कोअर ५' यांची गल्लत तर अजून चालते. कोरॅड्स ही नेदरलँड्सच्या रेडिओलॉजिस्ट संघटनेने मार्च २०२० मध्ये काढलेली श्रेणी. चित्र कोविडशी किती जुळते एवढेच ती सांगते. १ म्हणजे जवळपास नाहीच, ५ म्हणजे अगदी जुळते, ६ म्हणजे पीसीआर पॉझिटिव्ह आहेच. आजार किती गंभीर आहे याच्याशी तिचा संबंध नाही. कोरॅड्स ५ असूनही स्कोअर २ असू शकतो, आणि तो माणूस घरी बसून बरा होतो.

किरणोत्सर्गाचा वाद आठवत असेल. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने लगेच उत्तर दिले की हे जुने झाले, आता पाच-दहा एक्स-रेइतकेच. हिशेब आपणच करावा. स्कॅननंतर मशीन मात्रेचे पान तयार करते, त्यावर डीएलपी नावाचा, अख्ख्या स्कॅनच्या मात्रेचा आकडा असतो. छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणले की मिलीसीव्हर्ट मिळतात. डीएलपी ३०० असेल तर ४.२, म्हणजे सुमारे २१० एक्स-रे. लो-डोस पद्धतीने डीएलपी ८० आला, तर १.१, म्हणजे पंचावन्नच्या आसपास. ३००-४०० चा आकडा खरा ठरायला डीएलपी ४३० ते ५७० लागतो, तो नेहमीच्या सेटिंगवर धष्टपुष्ट माणसात येऊ शकतो. पाच-दहाचा आकडा खरा ठरायला डीएलपी ७ ते १४ लागतो, आणि रोजच्या कामात एवढा कमी डीएलपी विरळाच. थोडक्यात, मशीनपेक्षा सेटिंग महत्त्वाचे. केंद्रात फोन करून 'लो-डोस चेस्ट प्रोटोकॉल आहे का' एवढे विचारावे. स्कॅन फुफ्फुसांच्या टोकापासून पडद्याच्या कोपऱ्यांपर्यंतच घ्यायचा असतो. हनुवटीपासून मूत्रपिंडापर्यंत घेतला, तर मात्रा फुकट वाढते. हात डोक्यावर घेतलेले हवेत.

साध्या एचआरसीटीत रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या दिसत नाहीत, हे रुग्णांना जवळपास कुणीच सांगत नाही. स्कोअर थोडका, पण ऑक्सिजन अचानक घसरला, छातीत दुखले, एक पाय सुजला, तर पुन्हा तीच एचआरसीटी काढणे म्हणजे वेळ घालवणे. तिथे सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी लागते. शिरेतून साधारण ५० ते ८० मिलिलिटर आयोडीनयुक्त औषध वेगाने दिले जाते. त्यासाठी कोपराजवळ जाड सुई हवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) आधी पाहिलेले हवे, आणि औषध मुख्य फुप्फुसधमनीत पोचण्याचा क्षण बरोबर पकडायला हवा. तो चुकला तर रिपोर्टवर 'नॉन-डायग्नोस्टिक' (निदान करता येत नाही) येते आणि पैसे तेवढेच लागतात.

फुफ्फुसांची सोनोग्राफी

हवा भरलेल्या फुफ्फुसातून ध्वनिलहरी आत जात नाहीत, म्हणून अनेक वर्षे ही तपासणी बादच धरली होती. फ्रान्सच्या डॅनिएल लिश्टेनश्टाईन यांनी उलटा विचार केला: लहरी जिथे अडतात तिथे उमटणाऱ्या खोट्या रेषाच वाचायच्या. निरोगी फुफ्फुसात आडव्या समांतर ए-रेषा दिसतात. फुफ्फुस ओले किंवा सुजलेले असेल तर मशीनच्या स्क्रीनच्या तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या बी-रेषा दिसतात. एका बरगडी-फटीत तीन किंवा जास्त बी-रेषा म्हणजे गडबड.

पद्धत सोपी, पण शिस्तीची. प्रत्येक बाजूला पुढे, कडेला आणि मागे, वर-खाली मिळून सहा जागा, एकूण बारा. प्रत्येक जागेला ० ते ३ गुण: ए-रेषा किंवा दोनपर्यंत बी-रेषा असतील तर ०, सुट्या तीन किंवा जास्त असतील तर १, बी-रेषा एकमेकींत मिसळल्या तर २, फुफ्फुस यकृतासारखे घट्ट दिसले तर ३. कमाल ३६. कॉन्व्हेक्स (वक्र तोंडाचा) प्रोब, खोली मोठ्यांत आठ-दहा सेंटिमीटर, फोकस प्लुराच्या (फुफ्फुसावरचे आवरण) रेषेवर. चित्र गुळगुळीत करणाऱ्या हार्मोनिक आणि कंपाउंड सोयी बंद ठेवायच्या. त्या चालू राहिल्या तर बी-रेषाच पुसट होतात, आणि नवख्या डॉक्टरांचे 'नॉर्मल' बहुतेकदा इथूनच येतात. मागच्या जागा वगळणे ही दुसरी चूक. उताणा रुग्ण वळवायला दोन माणसे लागतात म्हणून पाठ तशीच राहते, आणि आजार नेमका तिथेच जास्त असतो.

बी-रेषा हृदय कमजोर झाल्यावर आणि डायलिसिसच्या रुग्णातही दिसतात. तिथे त्या दोन्हीकडे सारख्या असतात आणि प्लुराची रेषा गुळगुळीत असते. विषाणूजन्य आजारात प्लुरा जाड, खडबडीत, तुटक दिसतो, त्याखाली छोटे काळे तुकडे असतात आणि मध्येच एखादी जागा पूर्ण निरोगी निघते. मध्यभागी दडलेला आजार, जो कडेपर्यंत आलेलाच नाही, तो या तपासणीला दिसत नाही. फार लठ्ठ रुग्णात आणि त्वचेखाली हवा शिरलेली असेल तर हात टेकावेत.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला सीटीच्या खोलीपर्यंत नेणे ही स्वतंत्र जोखीम असते. इथे खाटेशीच दहा-पंधरा मिनिटांत काम होते, किरण नाहीत, रोज करता येते, आणि पालथे झोपवल्यावर मागचा भाग उघडतोय का हेही कळते. लहान मुलांत तर हिला तोड नाही. छातीची भिंत पातळ असल्याने लीनियर (सपाट तोंडाच्या) प्रोबने चित्र सुरेख येते. आरएसव्हीच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांची सूज) नेहमीचा म्हणून एक्स-रे काढूच नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शनही आहे. काढलेल्या फिल्मवर थोडे पांढरे दिसते आणि नको तेव्हा अँटिबायोटिक सुरू होते.

मग ही सेवा सर्रास का मिळत नाही? शिकलेले हात कमी, हे एक कारण. दुसरे, गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा. मशीन आणि जागा दोन्हींची नोंदणी लागते, आणि पोर्टेबल मशीन नोंदलेल्या रुग्णालयातल्या दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. घरी येऊन एक्स-रे काढणारे शहरांत मिळतात, घरी येऊन सोनोग्राफी करणारे कायद्याने मिळू शकत नाहीत. कायद्यामागचे कारण रास्त आहे, पण फुफ्फुसे पाहणाऱ्यांची त्यात गैरसोय होते हेही खरे.

उरलेल्या दोन गोष्टी

एमआरआयला फुफ्फुस अवघड जाते. हवेत हायड्रोजन जवळपास नसतो, सिग्नल एक-दोन मिलिसेकंदांत विरतो, आणि रुग्णाला अर्धा तास निपचित पडावे लागते. इंग्लंडमध्ये झेनॉन वायू हुंगवून केलेल्या एमआरआयने, सीटी साफ असूनही दम लागणाऱ्या लाँग कोविडच्या रुग्णांत वायूची देवाणघेवाण बिघडलेली दाखवली. ही बाब महत्त्वाची, पण जवळच्या केंद्रात विचारायला जाऊ नये.

एआयने वाचलेला रिपोर्ट मिळाला, तर तो रेडिओलॉजिस्टने तपासून सही केला आहे का ते पाहावे. २०२१ मधल्या एका मोठ्या आढाव्यात कोविडचे निदान किंवा पुढचा अंदाज करणाऱ्या ६२ अभ्यासांतले एकही मॉडेल प्रत्यक्ष वापरायच्या लायकीचे ठरले नाही. काहींना 'निरोगी' म्हणून लहान मुलांचे एक्स-रे शिकवले होते. ती मॉडेल्स कोविड ओळखत नव्हती, मूल आणि मोठा माणूस एवढाच फरक ओळखत होती.

बरे झाल्यावर

घरी सोडताना पुन्हा सीटी काढण्याची गरज नसते. पट्टे विरायला आठवडे लागतात, आणि या काळातल्या पांढऱ्या रेघांना 'फायब्रोसिस' म्हटले की रुग्ण घाबरतो. त्यातल्या बऱ्याच रेघा पुढे जातात. न्यूमोनिया गंभीर होता, तर साधारण बारा आठवड्यांनी एक्स-रे काढावा. तो साफ आणि दमही नाही, तर तपासणी तिथेच थांबते. दम लागत असेल तर आधी डीएलसीओसह (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याचे माप) फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि सहा मिनिटे चालून ऑक्सिजन पाहणे. त्यात कमतरता निघाली, तर लो-डोस एचआरसीटी, पूर्ण श्वासावर एकदा आणि श्वास सोडून एकदा. विशेषतः अडेनोव्हायरसनंतर बारीक श्वासनलिका बंद पडलेल्या असतील, तर अडकलेली हवा फक्त सोडलेल्या श्वासावर दिसते, आणि हे 'एक्स्पिरेटरी' चिठ्ठीवर लिहिले नाही तर केंद्र ते करत नाही.

जुन्या स्कॅनची डायकॉम (स्कॅनची मूळ डिजिटल) फाइल सीडीवर किंवा लिंकवर सोबत न्यावी. फिल्मवर अडीचशे-तीनशे स्लाइसपैकी वीस-तीसच छापलेले असतात, आणि तुलना करायचा नेमका स्लाइस त्यात असेलच असे नाही.